गावाहून आलेल्या कपड्यांवरचे डाग: बोंडू, चीक, हळद आणि विहिरीचं पाणी

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे. मे महिन्यात पंधरा दिवस संगमेश्वरजवळ सासरी राहून त्या परत आल्या. बॅग उघडली तर यजमानांच्या पांढऱ्या सुती कुर्त्यावर तपकिरी ठिपके, जे गावी असताना दिसले नव्हते. मुलीच्या निळ्या फ्रॉकवर फणसाचा चीक. त्यांच्या स्वतःच्या सुती साडीवर बांगड्याच्या तिखल्याचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा डाग, तो साबण लावताच लालभडक झाला. मुलाच्या शर्टावर काजू भाजताना उडालेले काळे शिंतोडे. आणि झाडून सगळे पांढरे कपडे पिवळट. कुर्ता त्यांनी गरम पाण्यात भिजवला, त्यावर लिंबू चोळलं, आणि आता त्यातच ब्लीच ओतायच्या बेतात आहेत.

ताई, ब्लीचची बाटली आधी जागेवर ठेवा. कुर्त्यात लिंबाचा रस आहे. ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो श्वासातून गेला तर जिवावर बेतू शकतं. हे कपड्याच्याही आधीचं, म्हणून पहिल्यांदा सांगितलं. कुर्ता साध्या पाण्यात तीन वेळा विसळा आणि न पिळता दांडीवर टाकून पुढचं वाचा.

माझं चिपळूणला लाँड्रीचं दुकान आहे. आमचं घराणं परटाचं, आजोबांपासून हाच धंदा. इतक्या वर्षांत माझं एकच मत पक्कं झालं आहे: डागाने फारसे कपडे जात नाहीत. डाग दिसल्यावर घाबरून पहिल्या पाच मिनिटांत जे काही केलं जातं, त्याने जातात. गरम पाणी, साबणाची वडी, लिंबू, ब्लीच, हाताला लागेल ते एकामागून एक. डाग कशाचा आहे हे कळल्याशिवाय साध्या थंड पाण्यापलीकडे काहीही लावू नका. आणि डाग शिल्लक असलेल्या कपड्यावर इस्त्री कधीही फिरवू नका.

आता कुर्ता. काजूच्या बोंडूचा रस कपड्यावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. वाळला की काहीच दिसत नाही, म्हणून आपण घडी घालून ठेवतो. त्या रसात तुरट द्रव्य भरपूर असतं, बोंडू खाताना घसा धरतो ना, तेच. हवा लागली की ते हळूहळू तपकिरी होतं, आणि उष्णता लागली तर काही क्षणांत. धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका गुरुजींचं धोतर आलं होतं, पांढरं शुभ्र, दुसऱ्या दिवशी घरात लग्न. मी धुतलं, नीळ दिली, उजेडात धरून बघितलं, कुठे काही नाही. इस्त्री टेकवली आणि तव्यावर भाकरीला डाग पडावेत तसे इस्त्रीच्या मागोमाग चार तपकिरी गोल उमटले. माझ्या डोळ्यांदेखत. गुरुजी काही बोलले नाहीत, जुनं धोतर नेसून लग्नाला उभे राहिले. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये दुकानात येणारा प्रत्येक पांढरा कपडा मी आधी विचारून घेतो: बागेत गेला होतात का?

तुमच्या कुर्त्याचं काय करायचं ते डागाच्या रंगावर आहे. खिडकीपाशी नेऊन बघा. डाग पिवळसर तपकिरी असेल तर तो निव्वळ बोंडूचा. पण त्यात करडी, शाईसारखी काळपट झाक असेल तर बोंडूच्या रसाला लोखंड भेटलं आहे. पूर्वी दौतीतली काळी शाई कशी करायचे? हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून. हिरड्यात तुरट द्रव्य, हिराकसात लोखंड. आपल्याकडे जांभ्या दगडाची जमीन, त्यात लोखंड, आणि पुष्कळ विहिरी-बोअरिंगच्या पाण्यात ते उतरतं. त्या पाण्याने बोंडू, चहा, सुपारी नाहीतर केळीच्या चिकाचा डाग धुणं म्हणजे कपड्यावर शाई बनवणंच. लोखंडी बादली किंवा गंजकं घमेलं असेल तरी तेच.

काळपट झाक असेल तर आधी लोखंड काढा. लिंबाचा रस आणि मीठ डागावर लावा, तासभर उन्हात ठेवा, विसळा. पांढऱ्या सुतीवर हे दोन-तीनदा करायला हरकत नाही. मग लिंबू पूर्ण निघेपर्यंत धुवा, आणि त्यानंतर उरलेल्या तपकिरी डागाकडे वळा. झाक नसेल तर थेट इथून सुरुवात करा: दुकानात ऑक्सिजन ब्लीच म्हणून पावडर मिळते, ती क्लोरीनच्या ब्लीचपेक्षा वेगळी आणि पुष्कळ सौम्य. चार लिटर कोमट पाण्यात, म्हणजे हात सुखाने बुडेल इतक्या गरम पाण्यात, एक मोठा चमचा विरघळवून कुर्ता चार-पाच तास बुडवून ठेवा. थंड पाण्यात ही पावडर नीट काम करत नाही. ती मिळाली नाही तर औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, साधारण ६ टक्क्यांचं. त्यात तितकंच पाणी घालून फक्त डागावर कापसाने लावा, अर्ध्या तासाने धुवा. एका खेपेत डाग अर्धा जाईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. एकाच दिवशी दुप्पट जोर लावाल तर डागाआधी कापड झिजेल.

पुढच्या मेसाठी सांगून ठेवतो: बोंडूचा रस उडाला की लगेच, डाग दिसो न दिसो, साध्या थंड पाण्याने जागा धुऊन टाका, आणि साबणाची वडी लावू नका. तुरट डागावर वडीचा साबण बसला की डाग गडद होतो आणि चिवट बनतो. डिटर्जंट पावडर चालते. चहा, सुपारी, जांभूळ, करवंद यांनाही हाच नियम. केळीचा चीकही याच जातीचा, पण त्यातला सगळ्यात हट्टी. केळफूल सोलताना किंवा गाभा कापताना पडलेला चीक तासाभरात धुतला तर ठीक, काळा पडून महिना झाला असेल तर मी गिऱ्हाइकाला शब्द देत नाही.

फ्रॉकवरचा फणसाचा चीक सोपा आहे, फक्त त्याला पाणी लावून उपयोग नाही. चीक म्हणजे रबरासारखा डिंक, पाण्याला तो दाद देत नाही. फणस फोडताना आपण हाताला आणि विळीला खोबरेल लावतो, त्याच कारणाने कपड्यालाही तेच लागतं. आधी फ्रॉक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. चीक कडक झाला की नखाने किंवा चमच्याच्या कडेने वरचा थर उचलून काढा, खरवडू नका. मग खाली जुनं फडकं घाला, डागावर खोबरेल तेलाचे चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटं बोटाने हलकेच मळा. चीक गुठळ्या होऊन सुटायला लागतो. तो फडक्याने टिपून घ्या. आता चीक गेला, पण तेलाचा डाग आला. त्यावर भांडी घासायचं पातळ लिक्विड, पाणी न लावता, तसंच कोरडं चोळा. पाच मिनिटांनी कोमट पाण्याने धुवा. तेलाच्या कुठल्याही डागाला हेच करायचं: आधी लिक्विड, मग पाणी. उलट केलं की तेल धाग्यात पसरतं.

गावाकडे लोक चिकाला रॉकेल लावतात. त्याने चीक निघतो हे खरं, पण वास आठ दिवस जात नाही आणि चुलीशेजारी ते करणं धोक्याचं. खोबरेल घरात असताना त्याची गरज नाही. आंब्याच्या देठाचा चीकही असाच तेलाने सोडवा. त्याच्या मागे तपकिरी सावली उरली तर ऑक्सिजन ब्लीच.

साडी लाल झाली म्हणून तुम्ही घाबरलात, पण ताई, ती लाल झाली ही चांगली खूण आहे. हळदीला साबण, सोडा किंवा चुना लागला की ती लाल होते. कुंकू पूर्वी हळदीपासूनच करायचे ते याच गुणामुळे. आंबट लागलं की पुन्हा पिवळी. म्हणजे डाग हळदीचाच आहे हे कळलं, आणि हळदीला एक वैरी आहे, ऊन. तिखल्यात तेल असतं, माशाचाही अंश असतो, म्हणून आधी थंड पाण्यात भिजवा, मग लिक्विड चोळून तेल काढा, डिटर्जंटने धुवा. पिवळेपणा राहील. राहू दे. साडी ओलीच उन्हात वाळत घाला, डागाची बाजू सूर्याकडे. वाळली की डागावर पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांत पिवळा रंग आपोआप उतरतो, काहीही न चोळता. साडी गडद रंगाची असेल तर ऊन फक्त डागाच्या जागेवर पडेल असं बघा, बाकीची सावलीत घडी करून ठेवा, नाहीतर हळदीबरोबर साडीचाही रंग विटेल. पावसाळ्यात हळद पडली तर कपडा धुऊन वाळवून बाजूला ठेवा. ऑक्टोबरचं ऊन आलं की काढा. हा डाग थांबायला तयार असतो, आपल्यालाच धीर नसतो.

रेशमी साडीला यातलं काहीही करू नका. रेशमाला सोडा, ब्लीच आणि कडक ऊन तिन्ही वर्ज्य. एन्झाइमवाली डिटर्जंटसुद्धा नको, कारण रक्त-अंड्यातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम रेशमाचा धागाही कुरतडतं, तोही प्रथिनाचाच असतो. तेलावर टाल्कम पावडर टाकून ठेवा, झटका, आणि ड्रायक्लीनिंगला देताना डाग कशाचा ते सांगा. लोक डाग लपवून देतात, जणू आम्ही रागावणार आहोत. तो कशाचा आहे हे कळलं तर आमचं निम्मं काम झालेलं असतं.

सोलकढी सांडली तर तो एका कपड्यावर दोन डागांचा मामला आहे: नारळाच्या दुधाचा आणि कोकमाचा. आधी थंड पाणी, कारण नारळाच्या दुधाला उकळतं पाणी लागलं की ते धाग्यात गोठतं. मग लिक्विड. शेवटी कोकमाचा लाल रंग उरला तर पातळ व्हिनेगर. कोकमाच्या डागाला सोडा लावला की तो निळसर पडतो, लोकांना वाटतं नवाच डाग पडला. नुसतं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, किंवा जांभळाचा रस पांढऱ्या सुतीवर पडला असेल तर जुनी रीत फार चांगली आहे: कापड पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधायचं आणि हातभर उंचावरून उकळतं पाणी डागावर धार धरून सोडायचं. रंग खालच्या पाण्यात उतरताना दिसतो.

मासे आणताना लागलेलं रक्त मात्र नेहमी थंड पाण्यात. अंड्याला गरम पाणी लागलं की जसं होतं तसं रक्ताचं होतं, मग ते सुटत नाही. थंड पाण्यात मिठाची मूठ घालून तासभर भिजवा, मग डिटर्जंट. वास राहिला तर शेवटच्या विसळणीच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. मासे साफ केल्यावर हाताला आपण कोकम चोळतो, तेच तत्त्व: माशाचा वास आंबटाने मरतो. कपड्यावर कोकम चोळू नका एवढंच.

आता पांढऱ्या कपड्यांचा पिवळटपणा, ज्यासाठी तुम्ही ब्लीच काढलं होतं. हा घामाचा नाही, सगळ्या कपड्यांवर सारखा पसरला आहे, म्हणजे पाण्यातलं लोखंड. गावच्या बादलीच्या तळाशी तांबूस साका बसतो का, नळाखालच्या लादीवर तांबडा ओघळ आहे का, आठवून बघा. अशा कपड्यावर क्लोरीनचं ब्लीच घातलं की पिवळेपणा वाढतो, कारण ब्लीच पाण्यातल्या विरघळलेल्या लोखंडाचा गंज करून तो धाग्यातच बसवतं. मग लोक आणखी ब्लीच घालतात. मी असे बनियन बघितले आहेत जे शेवटी हातात फाटले.

याला आम्ही दुकानात ऑक्झॅलिक ॲसिड वापरतो. रसायनांच्या दुकानात पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात मिळतं. एक लिटर कोमट पाण्याला एक चहाचा चमचा, प्लास्टिकच्या बादलीत, हातात रबरी मोजे. फक्त पांढरं सुती, पाच ते दहा मिनिटं, डोळ्यांसमोर. मग चार पाण्यांत विसळायचं. हे विष आहे, साखरेसारखं दिसतं, म्हणून मुलांच्या हाती लागेल अशा जागी आणि स्वयंपाकघरात तर मुळीच ठेवू नका. घरात लहान मूल आहे म्हणून तुम्हाला माझा सल्ला लिंबू-मीठ-उन्हाचा. वेळ जास्त लागेल, पण झोप नीट लागेल. खिळ्याचा, हुकाचा, वाळत घालायच्या तारेचा गंज लागला तरी हेच. आणि पुढच्या वेळी गावी पांढरे कपडे धुवायचे तर पाणी रात्रभर पिंपात ठेवून वरचं निवळ पाणी घ्या. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरून ठेवलं तर त्याच्यासारखं धुण्याचं पाणी नाही.

लाल माती निराळी. ती ओली चोळायची नाही. वाळू द्या, झटका, ब्रश मारा, मग साध्या पाण्यात निवळ पाणी येईपर्यंत विसळा, साबण त्यानंतर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पुरुषभर उंचीच्या वर चढलं, दुकानातले लोकांचे सगळे कपडे त्या चिखलात होते. चिखल ओसरल्यावर ओळखीचे लोक आले, हातात डिटर्जंटची पाकिटं घेऊन. मी त्यांना पहिले दोन दिवस साबण उघडूच दिला नाही. आधी नुसतं पाणी, आठ-आठ, दहा-दहा वेळा. ज्यांनी घरी घाईने साबण लावला त्यांच्या कपड्यात तो गाळ जणू रंगासारखा बसला. आमच्याकडचे बरेच कपडे निघाले. एका मुलीचा दहावीचा शाळेचा गणवेश होता, तो मी शेवटपर्यंत सोडला नाही.

बुरशीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण जून दारात आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि काळे ठिपके पडले की रंगीत कपड्यावरून ते पूर्ण जात नाहीत. पांढऱ्या सुतीवर, फक्त पांढऱ्या सुतीवर, दहा लिटर पाण्यात पाव वाटी क्लोरीन ब्लीच घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवता येतं. इथे ब्लीच आपल्या कामाचं. पण खरा उपाय वेगळा: पावसाळ्यात कपड्याला खळ देऊ नका. खळ म्हणजे पेजच, बुरशीला आयतं जेवण. आणि कपाटात ठेवायच्या घड्या गालाला लावून बघा. गार लागली तर ती अजून ओली आहे.

बॉलपेनची शाई हाताच्या सॅनिटायझरने सुटते, खाली फडकं घालून टिपायची, चोळायची नाही. जेलपेनवर ते चालत नाही. पानाचा लाल डाग चुन्यामुळे चढलेला असतो, म्हणून आधी लिंबू किंवा व्हिनेगर, नीट धुऊन मग पेरॉक्साइड. रंगीत कपड्यावर काहीही नवं लावण्याआधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावून बघा.

राहिला मुलाचा शर्ट. काजूची बी भाजताना टरफलातलं तेल उडतं, त्याचे ते काळे शिंतोडे. इथे मला खोटी आशा द्यायची नाही. माझे आजोबा गावातल्या दहा घरांचे कपडे एकत्र घाटावर न्यायचे. कोणाचं कोणतं हे ओळखायला प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करायचे, बिब्ब्याच्या तेलाची. बिब्बा सुईने टोचायचा, थेंब आला की कापडावर टेकवायचा, वर चुन्याचं बोट. ती खूण किती धुणी झाली तरी हलायची नाही, कापड विरायचं पण खूण राहायची. इंग्रजांनीही बिब्ब्याला 'खूण करायचं फळ' अशाच अर्थाचं नाव दिलं. बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. काजूच्या टरफलाचं तेल बिब्ब्याचा सख्खा चुलत भाऊ आहे. बिब्बा जसा अंगावर उततो तसं तेही उततं.

म्हणून त्या शर्टाला साबणाने हात लावण्याआधी मोजे घाला. तेल अजून चिकट असेल तर कापसाने खोबरेल लावून टिपून घ्या, लिक्विडने धुवा, निदान अंगाला लागायचं थांबेल. मुलाच्या हातावर, मानेवर कुठे पुरळ किंवा फोड आले आहेत का ते आज बघा, असतील तर डॉक्टरांना दाखवा. शर्ट सुती असेल तर गडद निळ्या नाहीतर काळ्या रंगात रंगवून घ्या, बाजारात घरी रंगवायची पुडी मिळते. आणि पुढच्या वर्षी बिया भाजायच्या दिवशी मुलाला त्याच शर्टात बसवा.